शेगडी तीच राहिली, घर बदललं
आष्टी तालुक्यातल्या आशाताईंना खुलं पत्र

आशाताईंनो,

हे पत्र मी आधी बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहायला घेतलं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि थांबलो. ज्या खोलीबद्दल मला बोलायचं आहे, त्या खोलीत साहेबांचा पाय कधी पडत नाही. डॉक्टरांचाही क्वचितच पडतो. घरातले बाप-भाऊसुद्धा उंबऱ्याबाहेरून विचारपूस करून माघारी फिरतात. बाळंतिणीच्या त्या खोलीत बाहेरचं माणूस म्हणून तुम्ही जाता, आणि एकदाच नाही. बाळ जन्मल्यावर ३ऱ्या दिवशी, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी जाता. बाळाचं वजन करता, काखेत थर्मामीटर लावता, आईला अंगावर दूध येतंय का ते विचारता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी या तालुक्यात ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. कडा, धानोरा, धामणगाव भागातल्या तुमच्यातल्या काही जणी माझ्या वर्गात बसलेल्या आहेत. पण आज सर म्हणून लिहीत नाही. एका बाळाचा मामाआजोबा म्हणून लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी पौषात माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, पाचव्या दिवशी ती घरी आली. बहिणीचं घर नवं, स्लॅबचं. बाळंतिणीला मागची दहा बाय दहाची खोली दिली. एक दार, एक सरकती काचेची खिडकी. दहाव्या दिवशी बालाघाटावरून थंडीचं असं वारं सुटलं की रात्री अंगणातल्या हंड्यातलं पाणी हाताला लागू देईना. मग खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या, दाराला आतून गोधडी टांगली आणि बाजेखाली घमेल्यात बाभळीचे निखारे ठेवले.

निखारे माझ्या आईने स्वतः पाडले. ती तेव्हा ऐंशी पार केलेली. तिच्या हाताखालून घरातली-भावकीतली कितीतरी बाळंतपणं निघालेली. तिचा एक नियम होता, आणि तो ती कधी मोडत नसे. अंगणात लाकडं पेटवायची, धूर पूर्ण जाऊ द्यायचा, लालबुंद निखारे पडले की वर राख धरू द्यायची आणि मगच घमेलं आत न्यायचं. "बाळाच्या डोळ्याला धूर लागता कामा नये," ती म्हणायची. मी पडवीत बसून हे सगळं बघत होतो. आईची काळजी बघून मला भरून आलं होतं.

तिसऱ्या रात्रीपासून भाचीचं डोकं दुखायला लागलं. पहाटे उलटी झाली. पित्त झालं असेल म्हणून कोकमाचं पाणी दिलं. तिच्याजवळ निजणाऱ्या माझ्या बहिणीचंही डोकं जड, तिचं म्हणणं जागरणाने. बाळ नीट ओढेना, पेंगत राहायचं. दिवसा न्हाऊ-माखू झालं, कोवळ्या उन्हात बसली, की दुपारपर्यंत सगळे बरे. कुणीतरी दृष्ट लागली म्हटलं, मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. चौथ्या रात्री भाची लघवीला म्हणून उठली आणि दारापर्यंत पोचायच्या आत पाय लटपटून खाली बसली.

रातोरात दवाखाना केला. बोटाला चिमटा लावला, ९८ आकडा आला. अशक्तपणा आहे म्हणाले, सलाइन लावलं. सकाळपर्यंत ती अगदी बरी झाली, आणि आम्ही तिला घरी आणून परत त्याच खोलीत निजवलं. बाज तीच होती आणि घमेलंही तेच.

तो १४वा दिवस होता. दुपारी तिथल्या आशाताई आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, काटा लावला. पाच-सात मिनिटं झाली असतील. मग कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "माझं पण डोकं धरलं. या खोलीत येईल त्याचंच कसं दुखतंय?"

पडवीत बसल्या बसल्या मला तो प्रश्न ऐकू आला.

आठवी-नववीच्या वर्गात दर वर्षी मी फळ्यावर लिहायचो. ज्वलनाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की ते अपूर्ण राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही, चव नाही, विषारी. पोरं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेला दोन मार्कांना यायचं. ३१ वर्षं मी ते लिहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत चार रात्री तो वायू माझ्या भाचीच्या बाजेखाली तयार होत होता. मी धावत आत गेलो, घमेलं उचलून उकिरड्याकडे नेऊन ओतलं. हात भाजले ते नंतर कळलं. खिडकीतला कागद ओढून काढला. दुसऱ्या दिवशी कुणाचंच डोकं दुखलं नाही.

त्या ताईंना कार्बन मोनॉक्साइड हा शब्द माहीत नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की एका खोलीतल्या सगळ्यांना एकच दुखणं आहे. बाळ वाचलं ते त्यांच्या त्या एका प्रश्नाने, माझ्या विज्ञानाने नाही. पोर आज अंगणात कोंबड्यांमागे धावते.

आता आईच्या त्या नियमाबद्दल सांगतो, कारण सगळी फसगत तिथे आहे. धूर म्हणजे घाण आणि निखारा म्हणजे स्वच्छ, असं आपण मानतो. धुराने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस आपोआप दार उघडतो. धूर निदान ओरडून सांगतो. राख धरलेला निखारा काहीच सांगत नाही. रात्री शेकोटी विझत आल्यावर निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचताना तुम्ही पाहिली असेल. ती ज्योत याच वायूची. ढिगाच्या बुडाशी हवा पुरते, तिथे कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर येताना तापलेल्या लाल कोळशातून जातो आणि तिथे त्याचा मोनॉक्साइड होतो. वर मोकळी हवा मिळाली तर तो निळा पेटून जातो. राखेखाली निखारा धुमसत राहिला की न पेटताच खोलीत पसरतो. म्हणजे ज्या घडीला आई म्हणायची की आता न्या आत, ती घडी सगळ्यात वाईट होती.

शरीरात गेल्यावर तो काय करतो ते तुम्हाला सोपं करून सांगायला हवं, कारण घरोघरी तुम्हालाच सांगावं लागणार. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी गाडी. हा वायू त्या गाडीत ऑक्सिजनच्या जागेवर चढून बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट. एकदा बसला की लवकर उतरत नाही. मोकळ्या हवेत आणलं तरी रक्तातला निम्मा वायू उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कने पुरता ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. पोटातल्या बाळाच्या रक्तात तो आईपेक्षाही जास्त साठतो आणि उशिरा उतरतो. म्हणून गरोदर बाई नुसतं डोकं दुखतंय म्हणाली, तरी पोटातलं बाळ तिच्याहून जास्त सोसत असेल हे लक्षात ठेवा. जोराची बाधा होऊन वाचलेल्या माणसाला पुढे काही दिवसांनी, आठवड्यांनी विसरभोळेपणा आणि चिडचिड सुरू होते, चालण्यात फरक पडतो, तेही होऊ शकतं.

बोटाच्या त्या चिमट्याबद्दल तर मी हात जोडून सांगतो. कोरोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, सप्टेंबर २०२० मध्ये. तेव्हा तो ऑक्सिमीटर घेऊन तुम्ही वस्त्या-वाड्या पालथ्या घातल्यात. ९५ च्या वर म्हणजे चांगलं, हे तुम्ही लोकांना शिकवलंत आणि लोकांनी ते बरोबर घोकलं. पण हे यंत्र रक्ताचा रंग बघतं. मोनॉक्साइड चढलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, आणि यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. माणूस आतून गुदमरत असताना आकडा ९८ दाखवू शकतो. तेव्हा चिमटा चांगला म्हणतो आणि माणूस डोकं दुखतंय म्हणतो, तर माणसावर विश्वास ठेवा. दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर एक ओळ लिहा: "बंद खोलीत शेगडी होती." ही ओळ नसली तर डॉक्टरांना कळायला मार्ग नाही. आमच्या बाबतीत आम्हीच ती सांगितली नव्हती. सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आपल्या लोकांना वायूची ओळख नाही असं नाही. विहिरीत उतरण्याआधी जुनी माणसं दोराला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला तर उतरायचं नाही. ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, असे पाच जण गेले. तो वायू वेगळा, पण वायूने माणूस कसा जातो हे सगळ्या पंचक्रोशीने तेव्हा पाहिलं. अडचण अशी की कंदिलाची ती परीक्षा मोनॉक्साइडला लागू पडत नाही. माणूस मारायला पुरेल एवढा मोनॉक्साइड खोलीत असला तरी कोनाड्यातली समई शांत तेवत राहते. म्हणूनच इंग्लंडात कोळशाच्या खाणींतल्या मजुरांसाठी जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात वेगळा उपाय सुचवला. लहान प्राणी किंवा पक्षी जवळ बाळगायचा. त्याचा श्वास भरभर चालतो, त्यामुळे तो माणसाच्या आधी कोसळतो. पिंजऱ्यातले ते कॅनरी पक्षी तिथल्या खाणींत १९८६ पर्यंत होते. बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यात भरभर श्वास कुणाचा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मिनिटाला किती श्वास, ते तुम्हीच तर घड्याळ लावून मोजता.

घमेलं बाहेर काढल्यावर आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मग इतकी वर्षं काहीच कसं झालं नाही रे?"

मला वाटतं, तुम्ही ज्या घरी जाल तिथली प्रत्येक आजी तुम्हाला हेच विचारेल. त्याचं उत्तर मला आमच्या जुन्या घरात सापडलं. आमचं घर माळवदाचं होतं. हातभर जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं धाबं आणि धाब्याच्या मधोमध साणं. काही जण त्याला सवणं म्हणतात. पावसाळ्यात त्यावर दगड नाहीतर फुटकं घमेलं पालथं घालायचं, एरवी ते उघडंच. दुपारी त्यातून उन्हाचा गोल खाली पडायचा आणि आम्ही पोरं त्या गोलात हात धरून खेळायचो. रात्री चुलीचा धूर तिथूनच जायचा. तापलेली हवा वर चढते, तिच्याबरोबर मोनॉक्साइडही निघून जायचा आणि दाराच्या फळ्यांच्या फटीतून थंड हवा आत यायची. त्या घरातल्या बाळंतिणीच्या शेगडीला वर वाट होती.

आई जे शिकली ते त्या घरात शिकली. मग गावोगाव माळवदं उतरली, घरकुलं आली, स्लॅब पडले. चांगलंच झालं, पावसात धाबं गळायचं आणि अंगावर माती पडायची ती गेली. पण स्लॅब ओतताना साणं कुणी ठेवत नाही. खिडकीला सरकती काच आली, दाराला घट्ट चौकट आली. शेगडी मात्र जशीच्या तशी नव्या घरात आली.

हे मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तवाही काही पोरं जायचीच. थंडीत जायची. सटवीनं नेलं म्हणायचे." आणि पुढे काही बोलली नाही. त्यांतली किती शेगडीने गेली असतील, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या मनात ते आलं, एवढं मला दिसलं.

म्हणून ताई, आजीशी भांडू नका. तुमची पद्धत चुकीची, असं म्हणालात तर ती तुम्ही गेल्यावर घमेलं परत आत नेईल. तिला म्हणा, "आजी, शेगडी चांगलीच आहे, पण या घराला साणं नाही." माझ्या आईला जे वाक्य पटलं, ते दुसऱ्या आजींनाही पटेल असं मला वाटतं.

आणि तिला काहीतरी देऊनच घमेलं काढून घ्या, कारण थंडी खोटी नाही. बाळाला ऊब लागतेच. शेगडी अंगणात ठेवा, ओट्यावर ठेवा. कापडाच्या घड्या, दुपटी तिथे शेकून गरम करून आत आणा. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर दार सताड उघडं ठेवून, दिवसा, कुणीतरी जवळ बसून. ओवा-बाळंतशेपांची धुरी द्यायची असली तरी तसंच, आणि धुरी झाली की निखारे लगेच बाहेर. निखारा आत आणि माणूस झोपेत, हे मात्र कधीही नाही. खिडकी चार बोटं उघडी ठेवली तरी निखाऱ्याला मुभा मिळाली असं समजू नका. दहा बाय दहाच्या खोलीत घमेलंभर निखाऱ्यांना चार बोटांची फट पुरेल याचा काही भरवसा नाही.

सगळ्यात चांगली शेगडी तर आईच्या छातीशी आहे, ती तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलीच आहे. बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर, डोक्याला टोपी, पायात मोजे, वरून दोघांना मिळून गोधडी. कांगारू मातृसेवा म्हणतात तिला. थंडीने बाळ जाऊ नये म्हणून शेगडी लागतेच असं नाही, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. संसर्ग ओळखणं, श्वास मोजणं, बाळाला उबेत ठेवणं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे देशभरात आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या त्या त्याच कामावरून. तुम्ही १४व्या दिवशी जो उंबरा ओलांडता तो असा गावातल्या बायांनीच उघडलेला आहे.

आता ऊसतोड मजुरांच्या कोपीचं, म्हणजे फडावरच्या झोपडीचं, बोललं पाहिजे, कारण आपल्या तालुक्यात ते टाळून चालणार नाही. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, पोटात सातवा-आठवा महिना असला तरी बाई कोयता घेऊन ट्रॅक्टरात बसते. तिची थंडी कारखान्याच्या फडावर, कोपीत जाते. पाचटाच्या कोपीतून थोडीफार हवा खेळायची. प्लास्टिकचा कागद चहूबाजूंनी दगड ठेवून दाबला की खेळत नाही. बाहेर दव पडतं, मध्येच अवकाळी येतो, आणि चूल किंवा चुलीतले निखारे आत घेतले जातात. दिवसभर तोडणी केलेली माणसं मेल्यासारखी झोपतात. डोकं दुखलं तरी जाग येईल याची खात्री नाही. तुम्ही तिथे जाऊ शकत नाही, तुमची गृहभेट गावाच्या शिवेपर्यंत. म्हणून हे बोलायचं ते दसऱ्याच्या आत, ती गाठोडं बांधत असतानाच. लोखंडी पेटी, पिठाची चाळणी, पोराचा स्वेटर, आणि एक वाक्य: झोपताना निखारा कोपीच्या बाहेर, पाणी मारून.

तुम्ही म्हणाल, सर, आमच्यावर आणखी किती कामं? खरं आहे. मोबदल्यासाठी तुम्हाला २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं, हे मी विसरलेलो नाही. मी नवा तक्ता मागत नाही, नवं रजिस्टर मागत नाही. आत गेल्यावर बाजेखाली एकदा वाकून बघा, एवढंच. आणि त्या ताईंनी विचारला तोच प्रश्न विचारा: घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय? बाहेर उन्हात बसल्यावर बरं वाटतं का? पहाटे जास्त होतं का? दोन-तीन होकार आले की आधी दार-खिडकी उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, निखारे बाहेर टाका आणि १०८ लावा. बाळ ओढत नाही, पेंगतं, हे तर तुमच्या धोक्याच्या खुणांत आधीपासून आहेच. त्याच्या कारणांत आता शेगडी धरा.

शेगडी नसलेल्या घरांतही हा वायू दुसऱ्या दाराने आलेला आहे. न्हाणीत गॅसचा गिझर. आष्टीत, कड्यात नव्या घरांमध्ये मी तो पाहतो, आणि बसवलेला असतो तोही न्हाणीच्या आत, झडप लहानशी आणि तीही थंडी लागते म्हणून लावलेली. सिलिंडरवरचा बर्नर खोलीतलीच हवा खातो. ऑक्सिजन कमी पडायला लागला की निळी ज्योत पिवळी होते आणि मोनॉक्साइड सुरू होतो. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घाटकोपरला रंग खेळून घरी आलेलं एक दांपत्य न्हाणीत मृत सापडलं, आणि संशय गॅस गिझरच्या वायूचाच होता. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथल्या एका रिसॉर्टमध्ये केरळहून गेलेली दोन कुटुंबं गॅसचा हीटर लावून, दार-खिडक्या बंद करून झोपली. आठ जण उठलेच नाहीत, त्यांत चार लहान मुलं. गिझर हवाच असेल तर तो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या जागी भिंतीवर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. तोवर निदान बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मग दार लावायचं. वीज गेल्यावर दुकानाचं शटर ओढून आत जनरेटर चालवणाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं.

परदेशात या वायूसाठी घरात अलार्म लावतात. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून घर भाड्याने देणाऱ्याला, स्वयंपाकाचा गॅस सोडून इंधनावर चालणारं बसवलेलं उपकरण ज्या राहत्या खोलीत असेल तिथे, तो लावावाच लागतो. तळहाताएवढी डबी असते. युरोपच्या मानकाप्रमाणे हवेच्या १० लाख भागांत ५० भाग मोनॉक्साइड असेल तर ती तास-दीड तासात वाजते, १०० असेल तर १० ते ४० मिनिटांत, ३०० असेल तर ३ मिनिटांच्या आत. म्हणजे थोड्या वायूला लगेच ओरडत नाही आणि जास्त वायूला वाट बघत नाही. ऑनलाइन मागवता येते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. डबीवर ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ हे मानक छापलेलं असावं, आणि ती किती वर्षं चालेल तेही. आतला सेन्सर पाच ते दहा वर्षांत संपतो, मग डबी नुसती भिंतीची शोभा. आणि सिलिंडर गळतीचा अलार्म वेगळा, हे गॅस एजन्सीवाल्यांनी गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावं. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून त्याची डबी खाली लावतात. मोनॉक्साइड हवेत मिसळून राहतो, म्हणून त्याची डबी निजायच्या खोलीत, नाकाच्या उंचीच्या आसपास. एक घेतली म्हणजे दुसऱ्याचं काम झालं असं होत नाही.

प्रत्येक घराने घ्यावी असं मी म्हणणार नाही, ज्या घरात पोराला स्वेटर घ्यायची ओढाताण आहे तिथे हे सांगणं शोभत नाही. पण गॅस गिझर घेणाऱ्याला ती परवडते. लॉजवाल्याला परवडते, वसतिगृहाला परवडते. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-चार डब्या ठेवल्या, तुम्ही हिवाळ्यात गृहभेटीला जाताना एक पिशवीत नेली आणि बाजेवर ठेवून बाळाचं वजन करेपर्यंत तिच्यावरचा आकडा पाहिला, तर ते आजीलाही दिसेल. आकडा दाखवणारीच डबी घ्यायची म्हणजे. हे मागणं मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळ्या अर्जाने केलं आहे. थंडीच्या लाटेची जी सूचना निघते तिच्यात "बंद खोलीत शेगडी लावू नका" ही ओळ ठळक असावी, आणि ती कारखान्यांकडे, मुकादमांकडेही जावी, हेही लिहिलं आहे.

मी स्वतः एक डबी आणली आहे. बहिणीच्या घरी आता बाळंतीण नाही, तेव्हा ती माझ्याकडेच असते. तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं द्या, मी ती घेऊन येईन. तिच्यावरचं तपासणीचं बटण दाबलं की ती चार वेळा टीं-टीं करते, थांबते, परत करते. माझ्या आईने ते ऐकलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "बाळ दचकेल का रे?" मी म्हटलं, दचकेल. ती म्हणाली, "दचकू दे."

तुमचा,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
आष्टी, जि. बीड